वेलीच्या घागरीतलं पाणी

मी बोलतेय. इकडे बघा, स्वयंपाकघराच्या खिडकीत. नाही हो, तो हळदीचा डबा. त्याच्यामागे तपकिरी काचेची, रबरी टोपी घातलेली, अंगठ्याएवढी कोण उभी आहे? हं, तीच मी. पाण्याचा पीएच दाखवणाऱ्या थेंबांची बाटली. पोटात आता दोनच थेंब उरलेत, म्हणजे एकाच तपासणीपुरते. तेव्हा सांगायचं ते आजच सांगून टाकते.

एरवी मी बोलत नाही. पाणी आंबट असलं की लाल-पिवळी होते, सरळ असलं की हिरवी, खारट-तुरट चुन्याच्या वळणाचं असलं की निळी, आणि फारच झालं तर जांभळी. एवढीच माझी भाषा. पण गेल्या वर्षभरात मी या खिडकीतून जे पाहिलं, ते रंगात सांगता येण्यासारखं नाही.

माझा जन्म कॉलेजातला. अंबाजीराव तिथे रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होते. प्रोफेसर नव्हेत, प्रोफेसरांना लागेल ते तयार करून देणारे. घराणं शिपाईगिरीचं, पणजोबा मैसूरच्या घोडदळात होते म्हणे. हा गडी मात्र हातात पिपेट धरून छत्तीस वर्षं उभा राहिला. सतराएक वर्षांपूर्वी, निवृत्तीच्या आठवड्यात त्यांनी चार रंगांच्या भुकट्या तोलल्या, स्पिरिटात विरघळवल्या, आणि सोड्याचं पाणी थेंब थेंब घालत बसले. मी हिरवी झाले तेव्हा कुठे थांबले. मुख्य मॅडमना विचारून मला खिशात घातलं. शाल आणि नारळ पिशवीत, मी मात्र शर्टाच्या खिशात, छातीशी. त्याचा मला अजून अभिमान आहे.

मैसूरला, कुवेंपुनगरातल्या या घरी आलो तर गोदावरीबाई दारातच उभ्या.

"अय्यो! छत्तीस वर्षं नोकरी केलीत आणि औषधाची बाटली घेऊन आलात?"

"औषध नव्हे गं. तुझ्या वेलीच्या पाण्यासाठी."

"पाण्याला काय धाड भरलीय?"

पण हसल्या. आणि मला या खिडकीत त्यांनीच ठेवलं, उन्हाची तिरीप लागू नये म्हणून हळदीच्या डब्यामागे. ती जागा आजही तीच आहे.

आता वेलीचं सांगायला हवं, कारण सगळं तिच्यापाशीच अडलंय. परसात, खिडकीसमोर, शेवग्याच्या खोडावर एक नागवेल चढलीय. गोदावरीबाईंनी लग्नानंतर पहिल्याच वर्षी पिरियापट्टणहून, माहेरच्या परसातून तिचं कांडं आणलं होतं, ओल्या फडक्यात गुंडाळून, बसमध्ये मांडीवर धरून. पानं कोवळी, पातळ. बाजारचं पान त्यांनी कधी तोंडात घातलं नाही. तंबाखू पिकवणाऱ्या पिरियापट्टणची बाई, तेव्हा पानात तंबाखूची चिमूट आलीच. दुपारची झोप झाली की अडीच वाजता वेलीशेजारच्या लाकडी आरामखुर्चीत बसायच्या आणि विडा खायच्या. कुणी पाहुणा येवो, कुणी मरो, अडीचचा विडा चुकायचा नाही.

वेलीची घागर वेगळी होती, पितळी. सकाळी सातला अंबाजीराव ती नळाच्या पाण्यानं भरून खुर्चीशेजारी ठेवायचे, म्हणजे नळातल्या औषधाचा वास दिवसभरात उडून जाईल. संध्याकाळी पाचला ते पाणी वेलीला. सकाळी एकदा मी, संध्याकाळी ओतण्याआधी पुन्हा मी; संपत आले की उरलेल्या भुकट्यांतून मला पुन्हा भरायचे. कावेरीचं पाणी आलं असलं तर हिरवी. बोअरचं आलं तर जरा निळसर, मग ते घागरीत लिंबाचे चार थेंब पिळायचे आणि मला परत विचारायचे. वेलीला किंचित आंबटाकडे झुकलेलं पाणी मानवतं.

शेजारपाजारचे गच्चीवर टोमॅटो लावणारे लोक त्यांना विचारायला यायचे. पाणी तपासायला कागद घेऊ, थेंब घेऊ, की ते बटणाचं पेन घेऊ? अंबाजीराव प्रत्येकाला तेच सांगायचे, "कागद अंदाज सांगतो. थेंब रंग दाखवतात, तो ओळखायला आपले डोळे लागतात. पेन बारीक आकडा सांगतं, पण त्याला तान्ह्या पोरासारखं सांभाळावं लागतं." लोक मान डोलवायचे आणि जाऊन पेन घ्यायचे. आकडा दिसला की माणसाला बरं वाटतं. रंग बघायचा म्हणजे थोडं थांबावं लागतं, उजेडात धरावं लागतं. असो, माझं दुखणं मी कुठवर सांगत बसू!

मी या घरी आले त्याच सुमारास गोदावरीबाईंची बोटं संधिवातानं वाकली. उजव्या हाताची तर्जनी तर पार गळाच्या आकड्यासारखी झाली. भरलेलं भांडं उचलवेना, विडाही लावता येईना. मग अंबाजीराव लावून द्यायला लागले. पान पुसायचे, शिरा काढायचे, चुना लावायचे, सुपारी घालून दुमडायचे आणि खुर्चीच्या हातावर ठेवून म्हणायचे, "घे, गोदा." त्यावरही बाईंना चुना कमीच वाटायचा. मग डबीत ते वाकडं बोट घालायच्या, थोडा जिभेला लावायच्या, आणि उरलेला पुसायचा कुठे? खुर्चीच्या हाताला. पान खाणाऱ्यांची ही खोडच असते. खुर्चीच्या उजव्या हातावर पांढऱ्या, वाकड्या आकड्यांची रांग लागलेली असायची. अंबाजीराव चिडून पुसायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

पण एका गोष्टीत बाई फार कडक. डबी बंद करून अंबाजीराव उठले की लगेच म्हणायच्या, "चुन्याचा हात वेलीच्या घागरीत बेडा, नको हं! नळाखाली धुवा. सांगून ठेवते."

"सोळा वर्षं सांगतेस."

"सोळा वर्षं तुम्ही घागरीकडेच जाता."

खरं होतं. घागर हाताशी, नळ परसाच्या त्या टोकाला. त्यांचा हात आपसूक घागरीकडे वळायचा आणि बाईंचा आवाज आला की थबकायचा. हे मी शेकडो वेळा पाहिलंय. तेव्हा मला ते गमतीचं वाटायचं.

गेल्या वर्षीच्या माघात गोदावरीबाई गेल्या. तीन दिवसांचा ताप. आदल्या संध्याकाळी सुनेला, वनजाला, जवळ बसवून म्हणाल्या, "वर्षाच्या दिवशी मला माझ्या वेलीचं पान ठेवा. बाजारचं ठेवलंत तर मी घेणार नाही." मग अंबाजीरावांकडे बघून म्हणाल्या, "वेल सांभाळा." एवढंच मागितलं त्यांनी. दागिन्यांचं नाही, घराचं नाही.

अंबाजीरावांनी खुर्ची स्वच्छ धुतली आणि जिथल्या तिथे ठेवली. चुन्याची डबी बाईंच्या साड्यांखाली, कपाटात गेली. घरात पान खाणारं कुणी उरलं नाही. मुलगा सयाजीराव बेंगळूरला नोकरीत, शनिवारी रात्री यायचा, सोमवारी पहाटे जायचा. वनजा इथल्याच विजयनगरच्या एका बँकेत, साडेनऊला स्कूटरवरून जायची आणि सहाला यायची. दिवसभर घरात अंबाजीराव, परसात वेल, आणि खिडकीत मी.

चार महिने बरे गेले. मग एका सकाळी अंबाजीराव वेलीपाशी वाकले ते बराच वेळ उठेनातच. नवी पानं पिवळी येत होती. शिरा तेवढ्या हिरव्या, मधला भाग हळदीत बुडवल्यासारखा. संध्याकाळी पाचला त्यांनी नळीत घागरीतलं पाणी घेतलं, माझे दोन थेंब टाकले, हलवलं.

मी जांभळी झाले.

तुम्हाला सांगते, सोळा वर्षांत या घरात मी कधी जांभळी झाले नव्हते. माझी मलाच भीती वाटली. सकाळी त्याच घागरीत, त्याच पाण्यात मी हिरवीगार होते. अंबाजीरावांनी नळाचं पाणी घेतलं तर हिरवी. घागरीचं घेतलं तर जांभळी. घागर रिकामी केली, राखेनं घासली, दुसऱ्या सकाळी भरली. सकाळी हिरवी, संध्याकाळी जांभळी.

ड्रॉवरमधून त्यांनी जुनी कागदाची चोपडी काढली. लिटमसची पट्टी निळी झाली. म्हणजे माझंच खरं. पण वनजाला पटेना. सासऱ्यांना ती मामा म्हणते. तिने मोबाइलवरून मागवलेलं ते पिवळं पेन आणलं, टोपण काढलं आणि घागरीत बुडवलं.

"मामा, नोडी, बघा. सात दाखवतंय. पाणी नीट आहे."

"थेंब जांभळे झाले, वनजा."

"थेंब जुने झालेत, मामा. कागद तर माझ्या लग्नाच्या आधीचा. पेन नवीन आहे ना?"

मला असा राग आला म्हणून सांगू! पण बाटलीच्या रागाला कोण विचारतो? मी अंबाजीरावांचा चेहरा पाहिला, आणि तो काळजीचा नव्हता. ते खुर्चीकडे बघत होते. अगदी हळू, कुणी झोपलेलं उठू नये अशा आवाजात म्हणाले, "चुन्याचं पाणी आहे हे. घरात चुना कोण लावतं?"

त्या दिवसापासून त्यांचं सगळंच बदललं. संध्याकाळी पाचला मी जांभळी झाले की त्यांना बरं वाटायचं. नळी उजेडात धरून म्हणायचे, "आलीस होय, गोदा? मला सांगायचीस नळाखाली धुवा, आणि स्वतः काय करतेस?" मग ते जांभळं पाणी तसंच वेलीला ओतायचे. लिंबू पिळायचे नाहीत. तिने हात धुतलेलं पाणी ते कसे बिघडवणार! वहीत तारीख लिहून पुढे एकच शब्द लिहायचे: आली.

आणि वेल पिवळी पडत गेली. खालची पानं गळाली. वर्षाच्या दिवसाला तीन महिने राहिले आणि वेलीवर ठेवण्याजोगं पान मोजून अकरा. वनजा रोज सकाळी मोजायची. तिला सासूचं बोलणं आठवत होतं. बाजारचं ठेवलंत तर मी घेणार नाही.

आता मी काय पाहत होते ते ऐका.

दुपारी अडीच वाजता आमच्या गल्लीत चिटपाखरू नसतं. रिक्षासुद्धा थांबलेल्या असतात. त्या वेळी अंबाजीराव झोपेतून उठून परसात यायचे. डोळे उघडे, पण त्या डोळ्यांत कुणी नसायचं. चालणं संथ, एरवीसारखं गुडघा धरून नाही. हातात चुन्याची डबी, ती कपाटातली. वेलीचं एक पान खुडायचे, धोतराला पुसायचे, शिरा काढायच्या, चुना लावायचा, पान दुमडायचं. खुर्चीच्या हातावर ठेवून म्हणायचे, "घे, गोदा." मग डबी आणि बोटं घागरीत बुडवून धुवायचे, चांगली खळखळून. थबकवणारा आवाज येत नव्हता ना! डबी कपाटात परत ठेवून जाऊन निजायचे. पाचला उठले की यातलं त्यांना काही ठाऊक नसायचं.

म्हणजे वेलीला मारत होते ते स्वतःच, आणि मी त्यांच्याच हातची, त्यांच्याच समोर रोज जांभळी होऊन ओरडत होते. ते त्या ओरडण्यालाच तिची हाक समजत होते. मला तोंड असतं तर!

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. खुर्चीची पाठ खिडकीकडे आहे. हातावर ठेवलेला विडा मला दिसायचा. अंबाजीराव आत गेले की थोड्या वेळानं तो विडा हलायचा, आणि खुर्चीच्या पाठीआड सरकून दिसेनासा व्हायचा. पाचला तिथे काही नसायचं. शेवग्यावर खार आहे. खारीनं नेला असेल. मीही रोज स्वतःला हेच सांगत होते.

हे सगळं उजेडात आलं ते साराच्या वाटीमुळे. एका रविवारी वनजानं सार केलं, चिंचेचं, आमच्या मैसूरकडचं, नुसत्या वासानं डोळ्यांत पाणी यावं असं. अंबाजीराव जेवायला बसले होते. वेलीवर त्या दिवशी सात पानं उरली होती. वनजा चिडलेली होती, वेलीवर की सासऱ्यावर कोण जाणे. अंबाजीराव म्हणाले, "तुझं पेन खोटं आहे, वनजा. ती येते."

"साकु, पुरे आता, मामा! पेन कशाला खोटं बोलेल?" म्हणत तिने पेन उचललं आणि तणतणत समोरच्या साराच्या वाटीतच बुडवलं.

सात.

वनजा बघतच राहिली. चिंचेच्या साराला सात? आंबटाचा आकडा सातच्या बराच खाली हवा. तिने लिंबू कापून दुसऱ्या वाटीत पिळलं, त्यात पेन घातलं. सात. साबणाच्या पाण्यात घातलं. सात. पेनाच्या टोकाला कायम ओलावा लागतो, आणि तिने ते आणल्यापासून कोरडं ठणठणीत टोपणात ठेवलं होतं. ते केव्हाच मेलं होतं आणि मेल्या तोंडानं सगळ्याला सात सात म्हणत होतं. हाताळणी माहीत नसली की बारीक आकडाही असा फसवतो.

मग वनजा खिडकीशी आली. हळदीचा डबा बाजूला केला आणि पहिल्यांदाच मला हातात घेतलं. तिचा हात गार होता. लिंबाच्या पाण्यात दोन थेंब टाकले, मी लाल झाले. नळाच्या पाण्यात हिरवी. संध्याकाळी पाचला घागरीच्या पाण्यात जांभळी, गडद. तिने नळी किती वेळ धरून ठेवली! मग माझं टोपण नीट घट्ट लावलं आणि मला परत डब्यामागे ठेवलं. त्या ठेवण्यात माफी होती. मी माफ केलं.

मंगळवारी तिने रजा टाकली, पण घरी सांगितलं नाही. स्कूटरवरून निघाली आणि दुपारी पायी, मागच्या दारानं आली. इथे स्वयंपाकघरात, माझ्याशेजारी, खिडकीला कपाळ टेकवून उभी राहिली.

अडीचला अंबाजीराव आले. डबी, पान, चुना. "घे, गोदा." वनजानं तोंडावर हात धरला. त्यांनी बोटं घागरीत बुडवली तशी ती धावत बाहेर गेली.

"मामा!"

ते तसेच वाकलेले. तिच्याकडे पाहिलं, पण ओळख नाही.

"मामा, मी वनजा. हात... हात बघा तुमचा."

डोळ्यांत हळूहळू माणूस परत आला. त्यांनी पाण्यातून हात काढला. बोटांवर चुना, डबी मुठीत. घागरीकडे बघितलं, वेलीकडे बघितलं. हा माणूस रडताना मी कधी पाहिला नव्हता, बाई गेल्या तेव्हाही नाही. खाली मातीत बसले आणि म्हणाले, "म्हणजे ती नव्हती. मीच होतो. वनजा, रोज मीच होतो."

"असू दे, मामा. असू दे."

"वेल सांभाळा म्हणाली होती गं. एवढंच म्हणाली होती."

वनजानं त्यांना धरून उठवलं. उठवताना तिची नजर खुर्चीच्या हातावर गेली. विडा नव्हता. आत्ता, तिच्या डोळ्यांदेखत ठेवला होता. तिने खुर्चीखाली पाहिलं, शेवग्यावर पाहिलं.

"खार," ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, आणि सासऱ्यांना घेऊन घाईघाईनं आत गेली.

त्याच संध्याकाळी चुन्याची डबी घरातून गेली. वनजानं ती मंडईतल्या पानवालीला देऊन टाकली. घागरीवर जड लोखंडी तवा ठेवला, त्यावर वरवंटा. वेलीची वरची माती काढून नवी घातली, शेणखत घातलं. रोज लिंबू पिळायची, मला विचारायची, पुन्हा पिळायची. तिला माझी भाषा चार दिवसांत आली. हिरव्याच्या जरा अलीकडे, पिवळ्याकडे झुकलेली मी दिसले की म्हणायची, "हं, आता द्या." माझ्या पोटातलं झपाट्यानं कमी होत होतं, आणि मला पुन्हा भरण्याजोग्या भुकट्या आता अंबाजीरावांकडे नाहीत. मी काटकसर केली नाही. वेल जगणं महत्त्वाचं होतं.

वेल सुधारली. पौषात कोवळी, हिरवी पालवी फुटली. पण अंबाजीराव सुधारले नाहीत. अडीचला उठणं बंद झालं, बोलणंही बंद झालं. संध्याकाळी वनजा नळी दाखवायची, "नोडी मामा, हिरवी." ते मान वळवायचे. हिरवी म्हणजे कुणी आलं नाही. मला पहिल्यांदाच माझ्या हिरव्या रंगाची लाज वाटली.

माघात वर्षाचा दिवस आला. सयाजीराव आला, भटजी आले. वनजानं वेलीची पाच पानं खुडून विडा ठेवला, बाजारचं एकही नाही. अंबाजीरावांनी नमस्कार केला आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर सयाजीराव त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. वनजा बँकेत. घराला कुलूप. म्हणजे पुढचं पाहणारी मी एकटीच. माझ्यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, मी आयुष्यात कधी चुकीचा रंग दाखवलेला नाही.

अडीच वाजले. घागरीवरचा वरवंटा किंचित सरकला. थांबला. परत सरकला. कुणाला तरी तो जड जात होता. तीनदा दम खाऊन तो तव्यावरून खाली मातीत पडला. मग तवा कलला. घागरीतलं पाणी हललं, खळखळ नाही, जरासंच. मग बराच वेळ काही नाही. मी खुर्चीच्या पाठीकडे बघत राहिले. माझ्या काचेतले चार थेंब त्या वेळी आतल्या आत गोठल्यासारखे झाले होते.

वनजा त्या दिवशी पाचलाच आली. तिरका तवा बघून तिला वाटलं मांजर असेल. घागरीतून नळी भरली, माझे दोन थेंब टाकले.

जांभळी.

तिने नळी खाली ठेवली. कपाट उघडून साड्यांखाली चाचपलं. डबी नव्हतीच, तिने स्वतःच दिली होती. परत परसात आली आणि खुर्चीपाशी गेली. तिच्या उजव्या हातावर चुन्याचा ताजा, ओला, वाकडा आकडा होता. सरळ बोटाचा असा उमटत नाही. ती पदर तोंडाशी धरून तिथेच उभी राहिली. ओलं फडकं आणून तिने खुर्चीच्या हातावर टेकवलं, आणि न पुसता उचललं.

मग तिने लिंबू आणलं. पूर्ण एक पिळलं, हलवलं, वेलीला पाणी घातलं. मला विचारलं नाही. शहाणी आहे, माझे शेवटचे दोन थेंब राखले.

सातला बापलेक आले. सयाजीराव रिक्षावाल्याशी हुज्जत घालत बाहेरच होता. वनजानं अंबाजीरावांना याच खिडकीशी, या खुंटीवर कोट अडकवताना गाठलं.

"मामा. आज पाणी जांभळं झालं."

त्यांचा हात खुंटीवरच राहिला.

"मी नव्हतो."

"नाही. तुम्ही नव्हता."

"डबी?"

"घरात नाही."

अंबाजीराव खिडकीतून परसाकडे बघत राहिले. अंधार पडत होता, खुर्ची नुसती रेघांनी दिसत होती. किती महिन्यांनी त्यांच्या तोंडावर ते जुनं चिडकं हसू आलं! "तिला सांग, नळाखाली धू म्हणावं," ते म्हणाले. "सोळा वर्षं मला सांगत होती."

वनजा रडत होती आणि हसतही होती. ते दारापर्यंत गेले, आणि परत वळले.

"आणि वनजा, घागरीवरचा तो तवा आणि वरवंटा काढून टाक उद्यापासून. तिच्या बोटांना ते उचलवत नाही."

आता घागर उघडी असते. सकाळी पाणी हिरवंच असणार एवढं मला ठाऊक आहे, संध्याकाळचं आता कुणी विचारत नाही. वनजा बँकेत जाताना लिंबू कापून ठेवते, पाचला अंबाजीराव ते अंदाजानं पिळतात आणि कुणाला तरी पुटपुटत बोल लावतात. पण अंदाजावर वेल किती दिवस काढणार? म्हणून तुम्हाला सांगते, कुणी येणार असाल या घरी, तर माझ्यासारखी एक बाटली घेऊन या. पेन नको, त्याला सांभाळायला इथे कुणाला सवड नाही. तिला माझ्याच जागी ठेवा, हळदीच्या डब्यामागे. तिला म्हणावं, जांभळी झालीस तर घाबरू नकोस. लिंबू कापलेलं आहे.